सागरी फेलोशिप हवीय? मग ऑफिसातली फाइल आजच हलवायला घ्या

सागरी प्रशिक्षणाच्या परदेशी फेलोशिपबद्दल विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एक नुकताच बारावी झालेला. त्याला बोटीवर जायचंय आणि परदेशात फुकट शिकवतात असं त्याच्या कानावर आलंय. दुसरी व्यक्ती बंदर कार्यालयात, मत्स्यव्यवसाय खात्यात किंवा एखाद्या सागरी महाविद्यालयात बरीच वर्षं काम करते आहे, आणि असल्या गोष्टी दिल्लीतल्या मोठ्या साहेबांसाठीच असतात अशी तिची पक्की समजूत आहे. फेलोशिप देणाऱ्या संस्था शोधत असतात ते या दुसऱ्या व्यक्तीला. म्हणून हा लेख मुख्यतः तिच्यासाठी.

पहिल्याचं आधी उरकून घेतो. जहाजावर चढण्याआधीचं प्रशिक्षण आपल्याकडेच होतं. २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची, किंवा नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेत प्रवेश घ्यायचा. पुढे इंडॉस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचं ओळख आणि सेवानोंदीचं पुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कराराखालचे मूलभूत कोर्स हे ओघाने येतं. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. परवाना असलेल्या कंपनीलाही नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, हे घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण दागिने गहाण टाकायचे निर्णय घरीच होतात. आणि 'परदेशी सागरी शिष्यवृत्ती मिळवून देतो, एवढे भरा' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. खाली ज्या फेलोशिपची माहिती आहे त्यांपैकी एकीसाठीही एजंट लागत नाही.

या फेलोशिप मुळात का निघाल्या

जहाज पनामाच्या झेंड्याखाली चालतं, मालक ग्रीसमध्ये बसतो, सेकंड इंजिनियर रत्नागिरीचा असतो आणि तपासणी होते केनियातल्या मोम्बासाच्या धक्क्यावर. नियम ठरतात लंडनला, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत, म्हणजे आयएमओत. पण त्या नियमाची अंमलबजावणी मोम्बासाच्या त्या निरीक्षकाच्या हातात असते. सत्तरच्या दशकात नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांनी जहाजं घेतली, बंदरं बांधली, करारांवर सह्या केल्या. निरीक्षक, बंदर व्यवस्थापक, सागरी कायदा जाणणारे वकील आणि बोटीवरच्या मुलांना शिकवणारे प्राध्यापक मात्र त्यांच्याकडे पुरेसे नव्हते. ही उणीव भरून काढायला १९८३ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात जागतिक सागरी विद्यापीठ सुरू झालं.

त्यामागे ज्यांनी सर्वांत जास्त जोर लावला ते चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव. मुंबईत शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचं प्रमुखपद सांभाळून ते लंडनला गेले आणि १९७४ ते १९८९ एवढा काळ आयएमओचे महासचिव राहिले. विद्यापीठाचे पहिले कुलपतीही तेच. (त्यांच्या पत्नी निर्मला या माहेरच्या साळवे, नागपूरच्या एन. के. पी. साळव्यांच्या भगिनी.) विद्यापीठ 'विकसनशील देशांतल्या प्रशासनासाठी' आहे ही मूळ कल्पना आजही तशीच आहे, आणि अर्ज भरताना तीच डोक्यात ठेवायची. पुरस्कर्ता तुमच्यावर खर्च करतो तो तुमच्या देशातलं एक काम नीट व्हावं म्हणून. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी पहिली : दार कोणतं ते ठरवा

सगळीकडे अर्ज टाकून पाहू, ही सवय इथे उपयोगाची नाही. तुमचं रोजचं काम काय, त्यावर दार ठरतं.

बंदर, जहाज तपासणी, सागरी सुरक्षा, शिपिंग व्यवस्थापन किंवा सागरी शिक्षण यांपैकी कशात असाल तर माल्मो. तिथला सागरी व्यवहारांतला एमएससी अभ्यासक्रम १४ महिन्यांचा असतो आणि सप्टेंबरला सुरू होतो. विशेष विषय निवडावा लागतो: सागरी सुरक्षा आणि पर्यावरण प्रशासन, बंदर व्यवस्थापन, कायदा आणि धोरण, ऊर्जा व्यवस्थापन, सागरी शिक्षण वगैरे. वर्गात पन्नासेक देशांतली माणसं असतात आणि बहुतेक जण नोकरीतून आलेले असतात. बंदरांना, जहाजबांधणी कारखान्यांना, सागरी प्रशासनांना प्रत्यक्ष भेटी देणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. स्वतःच्या खिशातून शिकायचं म्हटलं तर मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्यामुळे बहुतेकांची मदार शिष्यवृत्तीवर. मोठा पुरस्कर्ता म्हणजे जपानमधलं सासाकावा आणि निप्पॉन फाउंडेशनचं घराणं. त्याशिवाय काही देशांची सरकारं आणि खलाशांसाठी काम करणाऱ्या आयटीएफ सीफेरर्स ट्रस्टसारख्या संस्थाही जागा पुरस्कृत करत आल्या आहेत.

वकील असाल, किंवा सरकारी खात्यात कायदे-नियमांचे मसुदे तुमच्याकडे येत असतील, तर माल्टा. १९८८ साली आयएमओ आणि माल्टा सरकार यांच्या करारातून तिथे आंतरराष्ट्रीय सागरी कायदा संस्था उभी राहिली. तिथल्या एलएलएमची एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक विद्यार्थ्याला एक आंतरराष्ट्रीय करार घेऊन तो आपल्या देशाच्या कायद्यात कसा उतरवायचा, त्याचा पूर्ण मसुदा लिहून द्यावा लागतो. म्हणजे परतताना बॅगेत पदवीबरोबर विधेयकाचा कच्चा खर्डाही असतो. मुंबईत ऑगस्ट २०१० मध्ये 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, तेल सांडलं, कंटेनर तरंगत किनाऱ्याला लागले. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा' बुडालं. बुडालेलं जहाज कुणी काढायचं, मच्छीमाराची भरपाई कुणी द्यायची, किती द्यायची, हे ठरवणारे करार आणि आपला कायदा यांच्यामधल्या फटीत काम करणारी माणसं या संस्थेला हवी असतात. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या वकील मुलींना क्वचितच ठाऊक असते.

सागरी सीमा, अनन्य आर्थिक क्षेत्र, खोल समुद्रातली मासेमारी अशा धोरणात्मक कामात असाल तर संयुक्त राष्ट्रे आणि निप्पॉन फाउंडेशन यांची फेलोशिप पाहा. नऊ महिने मिळतात: सहा एखाद्या विद्यापीठात संशोधनासाठी आणि तीन न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा विभागात. वयोमर्यादा २५ ते ४०. उमेदवार सरकारी अधिकारी किंवा मधल्या फळीतला व्यावसायिक असावा लागतो.

भूविज्ञान, सागरी जीवशास्त्र किंवा समुद्रतळाशी संबंधित अभियांत्रिकीवाल्यांनी जमैकातल्या किंग्स्टनकडे बघावं. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचं मुख्यालय तिथे आहे. खोल समुद्रातल्या खनिजांचा शोध घेण्याचं कंत्राट ज्याला मिळतं, त्याने विकसनशील देशांतल्या उमेदवारांना शिकवणं ही कंत्राटाचीच अट असते. काही जणांना त्यामुळे संशोधन जहाजावरून सफरीला जायला मिळतं. यात भारत दोन्ही बाजूंना आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने समुद्रतळावरून बहुधात्विक गोटे वर काढले. पुढे मध्य हिंदी महासागरातलं ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र शोधकार्यासाठी भारताकडे आलं. म्हणजे भारत कंत्राटदार म्हणून इतरांना शिकवायला बांधील आहे आणि आपले तरुण इतरांच्या कंत्राटांखाली शिकायला पात्र आहेत. मात्र उमेदवाराचं नाव सदस्य देशाकडून जावं लागतं.

सर्वेक्षण आणि नकाशे करणाऱ्यांसाठी अमेरिकेत न्यू हॅम्पशर विद्यापीठात २००४ पासून समुद्रतळ-मापनाचा वर्षभराचा कार्यक्रम चालतो. वर्षाला अवघे सहा जण घेतात. जागा कमी म्हणून नाउमेद होऊ नका. या कार्यक्रमाच्या माजी विद्यार्थ्यांच्या चमूने २०१९ साली समुद्रतळ-मापनाची एक्सप्राइझ स्पर्धा जिंकली, बक्षीस ४० लाख डॉलरचं. त्यातले कितीतरी जण तुमच्यासारख्याच एखाद्या जलसर्वेक्षण कार्यालयात टेबलावर बसणारे होते.

मत्स्यव्यवसायासाठी आइसलंडचा सहा महिन्यांचा कार्यक्रम १९९८ पासून चालू आहे. तिथे मात्र वैयक्तिक अर्ज चालत नाही. भागीदार संस्थांमधून नावं मागवली जातात, म्हणून आधी आपली संस्था त्या यादीत आहे का ते पाहावं लागतं.

पायरी दुसरी : घराजवळचा छोटा कोर्स आधी करा

थेट १४ महिन्यांच्या पदवीवर उडी मारण्यापेक्षा आठवडा-पंधरा दिवसांचं एखादं प्रशिक्षण आधी पदरात पाडून घेणं शहाणपणाचं. निवड समितीला त्यातून दिसतं की तुमच्या कार्यालयाने याआधीही तुम्हाला सोडलं होतं आणि तुम्ही परतही आलात.

हैदराबादला इन्कॉइस या समुद्राविषयी माहिती पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या आवारात समुद्रविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, युनेस्कोची मान्यता असलेलं. लाटांचा अंदाज, मासेमारीच्या संभाव्य जागा, सागरी माहितीचा साठा अशा विषयांवर तिथे छोटे कोर्स होतात आणि हिंदी महासागराच्या काठावरच्या देशांतून लोक येतात. बेल्जियममधल्या ओस्टेंडहून चालणाऱ्या युनेस्कोच्या ओशन टीचर अकादमीचे ऑनलाइन कोर्स घरबसल्या, मोफत करता येतात. बंदरवाल्यांसाठी अँटवर्पचं बंदर प्रशिक्षण केंद्र नावाजलेलं आहे. अँटवर्पने न्हावा शेव्यात जेएनपीए, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाबरोबरही प्रशिक्षणाची सोय उभी केली आहे, त्यामुळे उरण-पनवेलच्या माणसाला बेल्जियमची पद्धत समजून घ्यायला थेट बेल्जियमच गाठावं लागतं असं नाही.

आणि गोवा. राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्था नौदलाच्या अखत्यारीत चालते. तिचे अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहेत. भारताच्या १९६४ पासून चालू असलेल्या आयटेक योजनेतून मित्रदेशांचे अधिकारी तिथे शिकायला येतात. आपण परदेशातल्या फेलोशिप शोधत असतो आणि बाहेरचे लोक फेलोशिप घेऊन आपल्या गोव्यात येऊन बसलेले असतात.

पायरी तिसरी : साहेबांची सही

अर्ज अडतात ते इथे. इंग्रजी चांगलं, गुण चांगले, अनुभव भरपूर, आणि शेवटच्या आठवड्यात कळतं की नामनिर्देशनाचं पत्र अजून आस्थापना शाखेतच पडून आहे.

माल्मो असो, किंग्स्टन असो, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तुमच्या कार्यालयाने लिहून द्यावं लागतं की या व्यक्तीला आम्ही पाठवत आहोत आणि परतल्यावर कामावर घेणार आहोत. म्हणून अर्जाची जाहिरात निघण्याची वाट न पाहता निदान वर्षभर आधी साहेबांच्या कानावर घाला. लेखी टिपणी मागाहून द्यायची. आधी तोंडी बोला, आणि तेही सोमवारी सकाळी नको.

टिपणी कशी असावी याचा नमुना देतो. खाजगी नोकरीत असाल तर भाषा बदला, क्रम तोच ठेवा.

'विषय : जागतिक सागरी विद्यापीठ, माल्मो येथील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी नामनिर्देशन. उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, श्रीमती … या प्रवासी जलवाहतूक परवान्यांचे काम पाहतात. सदर अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क, निवास व निर्वाह यांचा खर्च शिष्यवृत्तीतून भागणार असून कार्यालयावर रजा वेतनाव्यतिरिक्त आर्थिक भार येणार नाही. त्यांच्या अनुपस्थितीत सदर कामाचा अतिरिक्त कार्यभार श्री. … यांच्याकडे सोपविता येईल. परतल्यानंतर नियमानुसार सेवा बजावण्याचे बंधपत्र देण्यास त्या तयार आहेत. मान्यतेस्तव सादर.'

यात तुमच्या हुशारीबद्दल अवाक्षर नाही. साहेबांच्या मनात तीन शंका असतात: पैसे कोण देणार, रिकामी खुर्ची कोण सांभाळणार, आणि हा परत येणार का. टिपणीने या तिन्हींना उत्तर दिलं की फाइल हलते. अतिरिक्त कार्यभार घेणाऱ्या सहकाऱ्याशी आधीच बोलून त्याची तयारी असल्याचं टिपणीत आणता आलं तर फारच उत्तम. नाहीतर त्याच्याच टेबलावर फाइल अडून बसते.

सरकारी नोकरांनी अध्ययन रजेचे नियम आधी वाचावेत. केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांत साधारणपणे पाच वर्षं सेवा झालेली असावी लागते, एका वेळी सर्वसाधारणपणे १२ महिने आणि संपूर्ण सेवेत २४ महिने अशी अध्ययन रजेची मर्यादा आहे. माल्मोचा अभ्यासक्रम १४ महिन्यांचा. वरचे दोन महिने अर्जित रजा जोडून भागवायचे की सगळी मुदत विशेष बाब म्हणून मागायची, हे सुरुवातीलाच ठरवा. राज्य सरकारचे १९८१ चे रजा नियम वेगळे आहेत, त्यामुळे केंद्रातल्या मित्राचं ऐकून राज्यातला अर्ज लिहू नका. परदेशी संस्थेकडून राहण्याखाण्याचा खर्च स्वीकारायचा तर सरकारी नोकराला एफसीआरए या परदेशी देणग्या आणि पाहुणचाराच्या कायद्याखाली गृह मंत्रालयाची परवानगी लागते. संयुक्त राष्ट्रे आणि तिच्या विशेष संस्था त्यातून वगळलेल्या आहेत. तुमचा पुरस्कर्ता कुठल्या बाजूला पडतो ते लेखी विचारून घ्या. दक्षता शाखेचा दाखलाही वेळ खातो.

मुदत जवळ आली आणि सही झालेली नसली, तर 'योग्य मार्गाने' पाठवायच्या अर्जाची अग्रिम प्रत संस्थेला थेट पाठवून द्या आणि मूळ अर्ज मागून येत असल्याचं स्पष्ट लिहा. बऱ्याच संस्था तेवढी सवलत देतात, पण आधी ईमेल करून विचारलेलं बरं.

बोटीवरच्या माणसाचं काय? त्याला ना ऑफिस, ना आस्थापना शाखा. करार संपला की तो घरी. अशा मास्टर (जहाजाचा कप्तान) किंवा चीफ इंजिनियरसाठी सर्वांत सोपी वाट सागरी महाविद्यालयातून जाते. दोन-तीन वर्षं शिकवलेलं असेल तर सागरी शिक्षण या विषयासाठी तुमचं वजन कोऱ्या करकरीत पदवीधरापेक्षा कितीतरी जास्त. सर्वोच्च श्रेणीचं सीओसी, म्हणजे जहाजावरचं सक्षमता प्रमाणपत्र, पदवीच्या जागी धरलं जातं, त्यामुळे बीएससी नाही म्हणून मागे राहू नका. शिपिंग कंपनीच्या किनाऱ्यावरच्या कार्यालयात असाल तर कंपनीचं पत्र चालतं.

पायरी चौथी : हेतुपत्र

'मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे' या वाक्याने सुरू होणारं पत्र वाचणारा तिथेच चहा मागवतो. दर्यावर प्रेम असलेले उमेदवार त्याला ढिगाने भेटतात. त्याला हवी असते एक विशिष्ट अडचण, आणि ती सोडवण्याच्या जागी बसलेली व्यक्ती.

वर टिपणीत जी श्रीमती … आहे तिचंच उदाहरण घेऊ. ती प्रवासी लाँचचे परवाने बघते. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत ४८ लहान बंदरं आहेत, आणि गेटवे ते मांडवा, घारापुरी किंवा खाडी ओलांडणाऱ्या फेऱ्यांत रोज हजारो माणसं लाँचने जातात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि माणसं दगावली. आता तिचं हेतुपत्र असं सुरू होऊ शकतं:

'मी ज्या लाँचना परवाने देते त्या देशांतर्गत फेऱ्या करतात, त्यामुळे सोलास हा जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार त्यांना लागू होत नाही. देशांतर्गत प्रवासी जहाजांच्या सुरक्षेसाठी २०१५ साली मनिला येथे आयएमओची परिषद झाली आणि तिथे मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली गेली. ती तत्त्वं आणि आमची सध्याची तपासणी यादी शेजारी शेजारी ठेवली तर प्रवासी मोजणी, लाइफजॅकेटचं वाटप आणि तांडेलाचं प्रशिक्षण या तीन जागी तफावत दिसते. ही तफावत कशी भरायची, यावर मला प्रबंध करायचा आहे.'

यात ओढ नाही, स्वप्न नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की या बाईला घेतलं तर १४ महिन्यांनी एका बंदर कार्यालयातली तपासणी यादी बदललेली असेल. तुमची अडचण वेगळी असेल: गाळ काढण्याचं कंत्राट, मासळी बंदरातलं तेल, ट्रॉलरांची नोंदणी, कॅडेटना सिम्युलेटरवर शिकवण्याची पद्धत. तिला नाव द्या, जागा द्या, आणि ती तुमच्याच टेबलावर येते हे दिसू द्या. तीन तफावती लिहिल्यात तर मुलाखतीत तिन्हींवर प्रश्न येणार, म्हणून माहीत नसलेलं शोभेला घालू नका. आणि मसुदा इंग्रजीच्या मास्तरांकडून सजवून घेऊ नका. भाषा साधी चालते. सजवलेली भाषा आणि मुलाखतीतलं तुमचं बोलणं जुळलं नाही की संशय येतो.

पायरी पाचवी : कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात आटोपतो. पासपोर्टची मुदत अभ्यासक्रम संपल्यावरही काही महिने शिल्लक असावी. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचं अधिकृत पत्रक) मागवून ठेवा, त्याला आठवडे लागतात आणि हेलपाटे पडतात. टोफेल किंवा आयईएल्ट्‌सचा निकाल साधारण दोन वर्षं धरला जातो, तेव्हा परीक्षा फार लवकरही देऊ नका. सी-टाइम (जहाजावर केलेली सेवा) असेल तर सीडीसीतल्या नोंदींच्या स्वच्छ प्रती काढा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर, पदवीवर आणि सीओसीवर एकच आहे का ते पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची आणि वडिलांचं नाव मध्येच गळालेल्या पुरुषांची इथे हटकून पंचाईत होते, कारण आपल्याकडे प्रत्येक कार्यालय नावाचा क्रम आपापल्या मर्जीने लावतं.

शिफारसपत्र ज्यांनी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलंय त्यांच्याकडूनच घ्या. कप्तान, सर्व्हेयर, थेट वरिष्ठ चालतील. आमदारांचं पत्र जोडू नका. ते आणून देण्याचा आग्रह घरून होईल, तरीही नको.

पायरी सहावी : पैसे, व्हिसा आणि घर

निवड झाल्याचं पत्र आलं की पेढे वाटण्याआधी ते पुन्हा सावकाश वाचा. शिक्षण शुल्क, राहण्याची खोली, विमा, मासिक भत्ता आणि विमानाचं तिकीट या पाच गोष्टींपैकी कोणत्या त्यात लिहिल्या आहेत? जी लिहिलेली नाही ती तुमच्या खिशातून. 'पूर्ण शिष्यवृत्ती' या शब्दावर भिस्त ठेवू नका.

भत्ता एका माणसाच्या साध्या राहणीपुरता असतो, त्यात घरी पाठवायला फारसं उरत नाही. त्या १४ महिन्यांत पगार पूर्ण मिळणार, अर्धा मिळणार की बंद होणार, हे रजेच्या आदेशात काय लिहिलंय त्यावर आहे, आणि गृहकर्जाचा हप्ता थांबत नाही. कुटुंब बरोबर नेण्याचा विचार असेल तर तो खर्च वेगळा मांडा. बहुतेक जण एकटे जातात.

स्वीडनमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर शिक्षणासाठीचा निवास परवाना लागतो. निवडीचं पत्र हातात पडताच अर्ज करा. जाताना विमान कोपनहेगनला उतरवणारं घेतलं की सोयीचं पडतं. विमानतळावरूनच रेल्वे निघते, २००० साली खुला झालेला ओरेसुंड पूल ओलांडते आणि अर्ध्या तासाच्या आत माल्मो येतं. विद्यापीठाची इमारत स्टेशनजवळच आहे. सप्टेंबरात पोहोचाल तेव्हा हवा छान असते. डिसेंबरात दुपारी साडेतीन-चारला अंधार पडतो आणि तो पहिल्या हिवाळ्यात भल्याभल्यांना खातो. गरम कपडे तिथेच घ्या, मुंबईत मिळणारं जाकीट त्या वाऱ्याला पुरत नाही. कुकर आणि मसाले मात्र इथूनच न्या.

नाव आलं नाही तर

पहिल्या खेपेला नाव न येणं अगदी नेहमीचं आहे. पुरस्कर्ते देश बघतात, स्त्री-पुरुष प्रमाण बघतात, कोणत्या खात्यातून मागच्या वर्षी कोण येऊन गेलं ते बघतात. भारतासारख्या मोठ्या देशातून अर्जही जास्त असतात. काय कमी पडलं असं नम्र ईमेल करून विचारायला हरकत नाही. उत्तर येईलच असं नाही. नामनिर्देशनाची मान्यता पुढच्या वर्षासाठी वाढवून घेता आली तर अर्धं काम झालेलं असतं, म्हणून फाइल बंद होऊ देऊ नका. मधल्या वर्षात पायरी दुसरीतला एखादा कोर्स करून घ्या, आणि हेतुपत्रात मांडलेल्या अडचणीवर कार्यालयात खरंच काही छोटं काम करून दाखवा.

परत आल्यावर

रुजू अहवाल त्याच दिवशी द्या. बंधपत्राची मुदत तिथून मोजली जाते, त्यामुळे रुजू झाल्याची तारीख सेवापुस्तकात नोंदली गेली की नाही ते स्वतः उघडून पाहा. प्रबंधाची एक प्रत कार्यालयात द्या, आणि सोबत दोन पानांचा मराठी गोषवारा जोडा, कारण शंभर पानांचं इंग्रजी कुणी वाचणार नाही. दोन पानं साहेब बैठकीला जाताना गाडीत वाचतात. बदलीच्या यादीत तुमचं नाव असेल तर गोषवारा जोडून विनंती करा की ज्या कामासाठी शिकून आलो त्याच कामावर निदान बंधपत्राच्या मुदतीपर्यंत ठेवावं. पुढच्या वर्षी शेजारच्या टेबलावरचा कुणी अर्ज करायचा म्हणाला, तर त्याला तुमच्या मंजूर टिपणीची झेरॉक्स द्या. आधीचा दाखला असला की आस्थापना शाखेला दुसऱ्यांदा हरकत घेणं अवघड जातं.